शून्य अपघातांचा कारखाना

जेवायला बसल्यावर दिराने जाहीर केलं, की स्कूटरच्या चेनमध्ये हात सापडला. उजवा हात मनगटापर्यंत बँडेजात होता आणि डाव्या हातातल्या चमच्याने ताटातलं निम्मं अन्न ताटाबाहेर पडत होतं. वहिनी पाणी वाढत होती. तिने त्याचा ग्लास भरला, खाली ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, आपल्या स्कूटरला चेन नाही."

"मित्राची होती."

"मित्राच्या स्कूटरला तरी कुठून आली?"

"अगं, मोटरसायकल असेल," सासूबाई मध्ये पडल्या. "एवढा ठणका लागलाय पोराला, आणि तू उलटतपासणी घेत बसलीस. जेवू दे की."

नवऱ्याने ताटातून मान वर काढली नाही. घरात वाद सुरू झाला की त्याला भूक जास्त लागायची. वहिनीनेही विषय सोडला. समोरचा खोटं बोलतोय हे तिला दिसत होतं, पण ते खोटं तिच्या सोयीचं होतं, आणि सोयीच्या खोट्याच्या खोलात कोण जातंय?

सोयीचं अशासाठी, की दोघं एकाच कारखान्यात होती. ती सुरक्षा अधिकारी, आणि दीर पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार. कारखाना बिजागऱ्यांचा. दारांच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या, तऱ्हेतऱ्हेच्या बिजागऱ्या तिथे धडाधड पडत. वहिनी दिवसभर लोखंडी टोपी घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची आणि दिसेल त्याला "सांभाळून" म्हणायची, म्हणून कामगारांनी तिचं नाव "सांभाळून मॅडम" पाडलं होतं. पाठीमागे म्हणायचे आणि कधी कधी चुकून तोंडावरही. तिला त्याचा राग नव्हता. उलट कौतुकच वाटायचं, निदान शब्द तरी कानात राहिला म्हणून.

कारखान्याच्या फाटकावर एक भलामोठा बोर्ड होता. "अपघाताविना गेलेले दिवस" असं वर लिहिलेलं आणि खाली रोज वाढणारा आकडा. बोर्ड तिच्या डोक्यातून आलेला. त्याच्याबरोबरची बक्षीस योजनाही तिचीच. वर्षभर शिफ्टमध्ये एकही अपघात झाला नाही, तर शिफ्टमधल्या प्रत्येकाला बक्षीस. एकाला जरी अपघात झाला, तर सगळ्यांचं बक्षीस बुडालं. पहिल्या वर्षी पंखे वाटले, दुसऱ्या वर्षी मिक्सर, यंदा वॉशिंग मशीन मिळणार होतं. यामागची कल्पना अशी होती, की माणसं एकमेकांवर नजर ठेवतील, एकमेकांना जपतील. तिने ही गोष्ट सभेत मांडली तेव्हा मोठ्या साहेबांनी उभं राहून तिचं अभिनंदन केलं होतं.

आता अपघात कशाला म्हणायचं, हेही ठरवायला लागतं. कंपनीने ठरवलं: ज्याच्यामुळे माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकत नाही, तो अपघात. आला, तर तो अपघात नाही, नुसता ओरखडा. व्याख्या सुटसुटीत होती. वहिनीनेही त्यावर मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी आली. पांढरी, काचा काळ्या, बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना आणायला पाठवतात ती. ड्रायव्हरने उतरून मागचं दार उघडलं आणि दीर बँडेजातला हात छातीशी धरून आत बसला.

"बघितलंस?" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "कंपनीला माणसाची किंमत आहे. नाहीतर ह्याचा तो आधीचा मालक, माणूस मेल्यावर फूलसुद्धा पाठवलं नसतं त्यानं."

"एक दिवस सुट्टी का नाही घेतली त्यांनी?" वहिनीने विचारलं.

"सुट्टी घेतली तर पर्मनंट कोण करणार त्याला? फोरमननी शब्द दिलाय. बक्षिसाचा कार्यक्रम झाला की ऑर्डर हातात."

वहिनी बाहेर आली तेव्हा गाडी अजून उभी होती. तिने आत डोकावलं. दीर खाली बघत म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसने या. गाडी भरेल." गाडीत तो आणि ड्रायव्हर सोडले तर कुणी नव्हतं. ती बसने गेली.

रोज गाडी येत राहिली. वहिनी बक्षीस समारंभाच्या तयारीत बुडाली. शहरातले मोठे लोक येणार, दुसऱ्या कारखान्यांचे अधिकारी येणार, आणि तिला "शून्याकडे वाटचाल" या विषयावर बोलायचं होतं. घरी ती उशिरा पोचायची तोवर दीर भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा. त्याच्या खोलीतून एक वास येऊ लागला होता. आधी औषधाचा वाटला. मग औषधाखाली काहीतरी गोडसर, फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो तसा. सासूबाईंनी खोलीत अगरबत्ती लावली आणि खिडकी उघडी ठेवली.

समारंभासाठी मागच्या वर्षीचा लाल गालिचा हवा होता. तो कँटीनच्या मागच्या जुन्या स्टोअरमध्ये असेल, असं कुणीतरी म्हणालं. वहिनी स्वतःच गेली. दार आतून लोटलेलं होतं. आतून पत्ते पिसल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हसलं.

तिने दार ढकललं.

आत चौघं होते. एक जाडा लेथवाला खुर्चीत, प्लास्टर घातलेला पाय समोरच्या खोक्यावर. पॅकिंगमधली एक बाई, एका डोळ्यावर कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी. एक म्हातारा वेल्डर पुठ्ठ्यावर पाठ टेकून आडवा, कमरेला वीतभर रुंद पट्टा. आणि चौथा दीर, डाव्या हातात पत्ते धरून, पान टाकायचं तर दातांनी ओढून काढत होता. मध्ये चहाचे कप. भिंतीवर तिनेच छापून घेतलेलं पोस्टर होतं, "शून्य अपघात, माझी जबाबदारी", आणि त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता.

चौघांनी तिच्याकडे बघितलं. लेथवाल्याने पाय खाली घ्यायचा प्रयत्न केला, कळ आली, आणि तो परत मागे टेकला.

"हे काय चाललंय?" वहिनीने विचारलं.

"हलकं काम," पॅकिंगवाली म्हणाली. मग तिलाच ते पटलं नसावं. "म्हणजे मॅडम, काम काही नाही. बसायचं नुसतं. गाडी आणते, कार्ड पंच होतं, गाडी सोडते. चहा दोनदा. आमची काही तक्रार नाही."

"डोळ्याला काय झालं?"

"पट्टी तुटून लागली. पॅकिंगची लोखंडी पट्टी असते ना, ताणताना तुटली. दिसतं थोडं थोडं. उजेड कळतो."

"केव्हा?"

"झाले बरेच दिवस. मॅडम, तुम्ही आता काही बोलू नका हं. माझ्या जावेनं, नणंदेनं, सगळ्यांनी बघितलंय ते मशीन दुकानात. वरून कपडे टाकायचं आहे, वाकायला लागत नाही." एका डोळ्याने ती वहिनीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. डोळ्याची नव्हती. वॉशिंग मशीनची होती.

लेथवाला म्हणाला, "मॅडम, आमच्यामुळं पूर्ण शिफ्टचं बुडलं तर आम्हाला कारखान्यात तोंड दाखवता येईल का? माझा पाय मोडला तेव्हा फोरमनच्या आधी आमचीच माणसं म्हणाली, ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही. त्यांनीच उचलून मागच्या गेटनं नेलं." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता, दोस्तांनी जीव लावल्याचा.

माणसं एकमेकांवर नजर ठेवतील, असं तीच म्हणाली होती. ठेवली होती त्यांनी. पडलेल्याला उचलून लपवण्याइतकी जागरूक नजर. या खोलीत तिची अख्खी योजना बसून पत्ते खेळत होती आणि दिवसातून दोनदा चहा पीत होती. तिला त्या चहाची, त्या पोस्टरची, त्या बाईच्या समजूतदारपणाची शिसारी आली.

तेवढ्यात वास आला. तोच, गोडसर. बंद खोलीत चांगलाच जाणवत होता.

"भाऊजी, हात दाखवा."

"चेनमध्ये—"

"चेन गेली खड्ड्यात. प्रेसवर झालं ना?"

दिराने पत्ते पालथे ठेवले. वेल्डर पुठ्ठ्यावरून म्हणाला, "पाचर होती, बाई. सगळेच मारतात."

पाचर म्हणजे काय ते तिला समजावून सांगायची गरज नव्हती. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच पत्रा कापणारा वरचा दाता खाली येतो. माणसाचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले असले की दात्याखाली हात जायचा प्रश्नच नाही, असा साधा हिशेब. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो, पत्रा सरकवता येतो आणि बिजागऱ्या दीडपट पडतात. मोकळा झालेला तो हात मग दात्याखाली जातो. आज ना उद्या जातोच.

ती थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेचा कागद बोटांनी चाचपून बघत होते. तिने सगळं सांगितलं. खोली, पाय, डोळा, हात. साहेबांना काही नवीन नव्हतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

"मॅडम, टाळी एका हाताने वाजत नाही," ते म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नाही. "कामगार पाचर मारतो, मशीन मारत नाही."

"म्हणून मी प्रकाशाचा पडदा मागितला होता. मध्ये हात आला की मशीन आपोआप थांबतं. दोनदा मागितला."

"आणि का नामंजूर झाला, आठवतंय?"

तिला आठवत होतं. दरवर्षी जोखमीची बैठक व्हायची. प्रत्येक मशीनला दोन आकडे द्यायचे: अपघात होण्याची शक्यता किती, आणि झाला तर नुकसान किती. दोन्हींचा गुणाकार जास्त आला तर चौकोन लाल, मध्यम तर पिवळा, कमी तर हिरवा. लाल चौकोनाला पैसे मिळतात, हिरव्याला मिळत नाहीत. बैठकीत आकड्यांची घासाघीस भाजीबाजारासारखी चालायची. प्रेसला चार लावा, ती म्हणायची. चार कशाला, फोरमन म्हणायचा, तीन वर्षांत एक अपघात तरी झालाय का? दाखवा. आणि तिच्याकडे दाखवायला काही नसायचं. बोर्डावर तिचंच शून्य झळकत असायचं. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन, दोनाचा एक. शेवटी चौकोन हिरवा झाला आणि पडद्याचे पैसे फाटकाजवळच्या कारंज्याला गेले.

"आकडे तुमचेच आहेत," साहेब म्हणाले. "मी फक्त त्यांचा मान ठेवला."

"साहेब, त्याचा हात सडतोय."

"आपले डॉक्टर बघतायत."

"आपले डॉक्टर म्हणजे कँटीनच्या मॅनेजरचे मेव्हणे. मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"तिथं विचारतील कसं झालं, आणि लेखी लागेल. मग निरीक्षक येईल. तो पहिलं काय बघेल? पाचर. कुणी मारली? तुमच्या दिराने. मग नोकरी कुणाची जाईल? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मॅडम. दोन दिवस. समारंभ होऊ द्या, मग हवं तिथं न्या. मी स्वतः फुलं पाठवतो."

तिने समोरचं पाणी तसंच ठेवलं आणि उठली. या माणसाचा तिला राग यायला हवा होता, आला तो वीट. तो ओरडला नव्हता, धमकीही नीट दिली नव्हती. त्याने फक्त तिच्याच शब्दांची घडी घालून तिच्या हातात दिली होती.

घरी आली तेव्हा दीर आधीच पोचला होता. गाडीने सोडलं होतं. तिने दिवाणखान्यातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, "हात ठेवा इथं."

"वहिनी, नको."

"ठेवा."

"अगं, डॉक्टरांनी उघडू नका म्हणून सांगितलंय," सासूबाई म्हणाल्या. "हवा लागते."

"आई, हवा लागायलाच हवी होती."

ती बँडेज सोडायला लागली. वरचे पदर पांढरे, मग पिवळे, मग चिकट. शेवटचा पदर कातडीला धरून होता, तिने पाणी शिंपडून तो सोडवला. करंगळी काळी पडली होती. तिच्या शेजारचं बोट निम्मं काळं, निम्मं हिरवट, आणि तळव्याची कड फुगून चमकत होती. वास असा उठला, की नवरा उठून मोरीत गेला आणि तिथून ओकल्याचा आवाज आला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला. दीर स्वतःच्या हाताकडे बघत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

वहिनीला उलटी आली नाही. तिला आली ती किळस, आणि हाताची नाही. एवढं घरात नाकासमोर सडत असताना आपण रोज सकाळी इस्त्रीचे कपडे घालून "शून्याकडे वाटचाल" लिहायला गेलो, याची. अगरबत्तीच्या राखेची. गाडीचा मान मिरवणाऱ्या सासूची. मोरीत ओकणाऱ्या आणि तिथून बाहेर न येणाऱ्या नवऱ्याची.

"चला. हॉस्पिटल."

"परवा," दीर म्हणाला. "उद्या कारखान्याला सुट्टी, परवा समारंभ आहे, वहिनी. फोरमननी सांगितलंय, कार्ड एक दिवस चुकलं तर ऑर्डर रद्द. परवा संध्याकाळी कुठं म्हणाल तिथं येतो."

"परवापर्यंत मनगट जाईल."

"आणि आज गेलो तर नोकरी जाईल. मग काय करू? मनगट सांभाळत घरी बसू?"

"अहो, बाहेर या आणि भावाला समजवा," ती मोरीच्या दाराकडे बघून म्हणाली.

नवरा तोंड पुसत बाहेर आला. "दोन दिवसांचाच प्रश्न आहे," तो म्हणाला. "म्हणजे, डॉक्टर बघतायत म्हणतात ना." मग टेबलाकडे त्याची नजर गेली आणि तो पुन्हा आत गेला.

वहिनीने दिराचा डावा दंड धरला. तो धडधाकट माणूस, त्याने झटकलं असतं तर ती भिंतीवर आपटली असती. पण त्याच्या अंगात ताप होता, दंड तापलेल्या भांड्यासारखा लागत होता, आणि तो उठला. सासूबाई मागून येत राहिल्या. जिना उतरेपर्यंत त्या म्हणत होत्या, की स्वतःच्या नवऱ्याला असं ओढत नेलं असतंस का.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती आणि थकलेली होती. तिने हात उजेडात धरला. "कशाने झालं?"

"मोटरसायकलची चेन," दीर म्हणाला. निदान एवढी सुधारणा त्याने केली होती.

"चेन फाडते. हा हात चेपला गेलाय. मला खरं सांगा, आत तेल गेलंय का, पत्र्याचे कण गेलेत का, त्यावर कुठपर्यंत कापायचं ते ठरेल."

दीर वहिनीकडे बघू लागला. लहान मूल परक्या घरी आईकडे बघतं तसं, की आता तूच काहीतरी बोल आणि मला सोडव. वहिनी म्हणाली, "पॉवर प्रेस. पत्रा कापायचं मशीन. तेलकट पत्रा, तेलकट दाता. आठवडा होऊन गेला."

"आठवडा?" डॉक्टरने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की वहिनीला नजर कुठे ठेवावी कळेना. "तुम्ही कोण याच्या?"

"वहिनी." मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "आणि त्या कारखान्यातली सुरक्षा अधिकारी."

डॉक्टरने हात पुन्हा खाली ठेवला आणि आत कुणाला तरी हाक मारली. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली, तळव्याची कड गेली. अंगठा आणि बाकीची दोन बोटं राहतील असं वाटतंय, पण विष कुठवर गेलंय ते परवाशिवाय सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाली. तोपर्यंत त्याला कॉटवरून हलवायचं नाही. हात उंचावर टांगलेला राहील, औषध शिरेतून थेंबथेंब चालू राहील. हललं, थेंब थांबले, ताप चढला, तर मग मनगट. तिने हे तिघांनाही समोर बसवून सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली. मागाहून पोचलेल्या नवऱ्यानेही मान हलवली.

समारंभाच्या दिवशी सकाळी वहिनी चहा आणायला खाली गेली होती. साडी कपाटात, भाषण टेबलावर, सगळं तसंच सोडून ती इथे आली होती. दोन कप घेऊन वर आली तर वॉर्डाच्या दारात तो ड्रायव्हर. हातात टोपी, आणि बरोबर चाकांची खुर्ची.

"नमस्कार मॅडम. साहेबांनी पाठवलंय. फक्त गेटातून आत न्यायचं, कार्ड पंच करायचं, अर्धा तास खोलीत बसवायचं आणि परत आणून सोडायचं. गाडीत मागे गादी घातलीय मी." तो मनापासून बोलत होता. गादी खरंच त्याने स्वतःच्या घरची आणली होती.

ती आत धावली. दीर उठून बसला होता. टांगलेला हात त्याने स्वतःच सोडवून घेतला होता आणि तो छातीशी धरून वेदनेने डोळे मिटून बसला होता. सासूबाई त्याला सदरा घालत होत्या. उजवी बाही जाईना म्हणून त्यांनी ती तशीच खांद्यावर टाकली होती आणि आता वरून खाली, एकेक करून, बटणं लावत होत्या. नवरा सलाईनची बाटली हातात उंच धरून उभा होता. म्हणजे त्याचाही काही उपयोग होत होता तर.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आता एवढं सगळं सोसलं, ते वाया जाऊ द्यायचं का?" सासूबाईंचे डोळे भरले होते. "तुला तुझ्या नोकरीचं काही नाही, पण माझ्या लेकराचं आयुष्य उभं राहतंय."

"वहिनी, माझी चप्पल कॉटखाली आहे," दीर म्हणाला. "जरा द्या ना."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. भीती नव्हती. घाई होती. फाटकावर भोंगा होईल आणि आपलं कार्ड राहील, एवढी एकच घाई. बँडेजातून लालसर ओल वर यायला लागली होती आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. सगळ्या माणसांनी मिळून एका माणसाचा हात कुजवला, आणि तो माणूस त्यांच्या सोबतीला होता. तिला सगळ्यांची किळस आली, दारातल्या त्या भल्या ड्रायव्हरचीसुद्धा. आणि ही सगळी व्यवस्था ज्या बाईने उभी केली, तिची सगळ्यांत जास्त.

तिने चहाचे कप कॉटशेजारच्या कपाटावर ठेवले. चाकांची खुर्ची धरून दाराबाहेर ढकलली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पर्समधून फोन काढला. कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाचा नंबर तिच्याकडे कधीपासून होता. शून्य कळवायला ती दर महिन्याला लावायची.

"अपघात कळवायचाय," ती म्हणाली आणि कारखान्याचं नाव सांगितलं. "मी तिथली सुरक्षा अधिकारी बोलतेय."

पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्याकडे तर कधी काही होत नाही ना, मॅडम?"

"होतं. चारजण आहेत. मला सापडलेले."

सासूबाईंचे हात शेवटच्या बटणावर थांबले. नवऱ्याने बाटली खाली घेतली, मग पुन्हा वर केली. दीर कॉटच्या कडेला, एक पाय जमिनीवर टेकून, तिच्याकडे बघत होता. आता त्याला समजलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "माझं नाव घेऊ नका. बाकी तिघांची सांगा हवं तर. त्या लेथवाल्याचं सांगा. पण माझं नको."

"नावं सांगा, लिहून घेतो," फोनवरचा माणूस म्हणाला.

तिने पहिलं नाव दिराचंच सांगितलं.